किडनी देण्याआधी मी वजन उचलायला शिकले

मला स्वतःला काहीच झालेलं नव्हतं, हे आधी सांगून टाकते. आजार मिलिंदचा, माझ्या नवऱ्याचा. तरी दीड वर्ष दवाखान्यातल्या वजनकाट्यावर चपला काढून, श्वास रोखून उभी राहत होते ती मी. (श्वास रोखल्याने वजन कमी होत नाही. करून पाहिलंय.) घरातल्या कुणासाठी असं काट्यावर उभं राहायची वेळ तुमच्यावर आली असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. यात मोठं शहाणपण नाही. माझ्या चुका आहेत, त्या तेवढ्या टाळता आल्या तर पाहा.

माझी घ्या

आम्ही जर्मनीत, लुडविग्सहाफेनजवळच्या एका लहान गावात राहतो. मिलिंद केमिस्ट आहे, मी गावातल्या किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, मदतनीस आहे. मिलिंदला चाळिशीपासून ब्लडप्रेशर. गोळ्या वेळेवर घेतो असं तो सांगायचा आणि मी खरं मानायचे. पाय सुजायला लागले, जेवण नकोसं झालं, तेव्हा तपासण्या झाल्या आणि एका मंगळवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, की दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्या आहेत.

मिलिंदने आकडे विचारले. तो नेहमी आकडे विचारतो. मी टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या किडनीकडे बघत होते. तिचे दोन भाग उघडत होते आणि एक बिजागरी तुटली होती. डायलिसिस लगेच सुरू करायचं, यादीत नाव घालायचं, पण यादी वर्षानुवर्षांची, असं बाई म्हणाल्या. घरातलं कुणी देऊ शकत असेल तर...

"माझी घ्या," मी म्हणाले. शेजारणीने वाटीभर साखर मागावी आणि मी आत वळावं, इतक्या सहज.

रक्तगट जुळला. बाकीचंही जुळत गेलं. मग मला काट्यावर उभं केलं. उंची पाच फूट दोन इंच, वजन शहाऐंशी किलो, आणि साखर काठावर. डॉक्टरीणबाई फार हळू बोलल्या. "तुमची किडनी चांगली असेल. पण या वजनात एक काढून घेतली, तर उरलेल्या एकीवर फार भार येईल. एका माणसाला बरं करायला मी दुसऱ्याला आजारी पाडणार नाही. बहात्तरच्या खाली या, साखर खाली आणा, मग बोलू."

माझ्या जाडीवरून लोकांनी आयुष्यभर चेष्टा केली आणि मीही त्यांच्यात सामील होऊन हसत आले. त्या दिवशी गाडीत बसल्यावर मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. नवऱ्याला वाचवायची वस्तू माझ्यापाशी होती आणि माझ्याच अंगाने ती अडवून धरली होती.

मिलिंद गाडी चालवत नुसता म्हणाला, "वैशाली, घाई नाहीये." घाई होती.

घरातलं पाणी

डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार. दर वेळी साडेचार तास. आधी वजन, नंतर वजन. त्याच्या अंगात साठलेलं पाणी किलोत मोजायचे. दिवसाला जेमतेम तीन पेले द्रव, आणि त्यातच चहा, आमटी, ताक सगळं आलं.

मिलिंद एका बाबतीत पक्का जर्मन झाला होता. त्याला बुडबुड्यांचं पाणी लागायचं. दर शनिवारी आम्ही काचेच्या बारा बाटल्यांचा क्रेट आणायचो आणि पुढच्या शनिवारी तो रिकामा परत द्यायचो. डायलिसिस सुरू झालं आणि शेवटचा भरलेला क्रेट तळघरात तसाच राहिला. त्यावर धूळ बसली.

सई, आमची सोळा वर्षांची मुलगी, आणि मी त्याच्यासमोर पाणी पिईनाशा झालो. कुणी ठरवलं नव्हतं. ती बाथरूमच्या नळाला तोंड लावायची, मी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचे. जुलैच्या उन्हातून आल्यावर एकदा मी पेला तोंडाला लावून गटागटा पीत होते आणि तो दारात आला. ओट्यावरचा पेपर घेऊन परत गेला. मला इतकं अपराधी वाटलं, की उरलेलं पाणी मी कुंडीत ओतलं.

माझे उपास

वजन कमी करायचं म्हणजे काय करायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मी सोमवार धरला. मग गुरुवार, संकष्टी आणि दोन्ही एकादश्या. वजनही उतरेल आणि देवालाही कळेल, एका दगडात दोन पक्षी. पुण्याला सासूबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी तोंडभर आशीर्वाद दिला.

सहा आठवड्यांत पाच किलो गेले. मी खूश. मग एका संकष्टीला किटामध्ये मुलांचे बूट घालून देताना डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी मुलांच्या चिमुकल्या खुर्चीवर बसले. ती खुर्ची मोडली नाही, हे तिचे उपकार.

हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाईंनी माझी वही वाचली आणि विचारलं, "उपासाच्या दिवशी काय खाता?" मी सांगितलं. साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणे, केळं.

"आणि याला तुम्ही न खाणं म्हणता?"

मग त्यांनी मुठीची ताकद मोजायचं, हातात दाबायचं एक यंत्र दिलं. पहिल्या तपासणीपेक्षा माझा काटा मागे होता. साखर जागची हलली नव्हती. "चरबीबरोबर तुमचे स्नायूही चालले आहेत," त्या म्हणाल्या. "आम्हाला बारीक बाई नको आहे. ऑपरेशननंतर स्वतःच्या पायांनी घरी जाणारी बाई हवी आहे. नीट जेवा आणि वजनं उचला."

उपास सोडायचे, हे सासूबाईंना सांगायचं मला भारी जड गेलं. आठवडाभर टाळलं. शेवटी व्हिडिओ कॉलवर एका दमात सांगून टाकलं. "आई, उपास बंद करायला सांगितलेत. अंगात ताकद राहत नाहीये."

त्यांनीही मुलासाठी आपली किडनी देऊ केली होती, पण शहात्तर वय आणि ब्लडप्रेशर, कुणी तपासलंसुद्धा नाही.

"सोड," त्या म्हणाल्या. "तुझ्या वाटचे सोमवार मी करते. माझ्याकडे कुणी काही मागत नाहीये गं, मला तेवढं तरी करू दे. तू पोटभर जेव."

पुढच्या सोमवारी मी दोन उकडलेली अंडी खाल्ली. पहिल्या घासाला रडू आलं, दुसऱ्याला मीठ लावून घेतलं.

क्रेट

गावातल्या क्रीडामंडळाच्या तळघरात व्यायामाची खोली आहे. तिथे हायके भेटली. अडुसष्ट वर्षांची, निवृत्त फिजिओथेरपिस्ट, पांढरे केस पुरुषासारखे कापलेले. इथे रस्त्यावर सगळे एकमेकांना अहो-जाहो करतात, पण मंडळात पाऊल टाकलं की सगळे अरे-तुरे. पहिल्याच दिवशी माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या बाईला नुसतं 'हायके' म्हणताना माझी जीभ अडखळली.

त्या लोखंडी दांड्याकडे बघून मी म्हणाले, "मला याची भीती वाटते."

"घरी काय उचलतेस?"

"आधी पाण्याचा क्रेट उचलायचे. आता तोही नाही."

ती आत गेली आणि मंडळाच्या फ्रिजशेजारचा क्रेट घेऊन आली. त्यात चार भरलेल्या बाटल्या ठेवल्या. "पाय रोव. पाठ सरळ. क्रेट अंगाशी धर, लेकराला धरतेस तसा. आणि पायांनी उठ, कमरेने नाही." पाच वेळा उचलला. मग जरा बसले. मग पुन्हा पाच वेळा. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्यांनी असा काही आरडाओरडा केला, की मी रेलिंगला धरून उलटी उतरले.

दर आठवड्याला एक बाटली वाढायची. बाराच्या बारा झाल्यावर हायके म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर. आता दांड्यात आणि यात काय फरक राहिला?" खरंच नव्हता. मंगळवार, गुरुवार, शनिवार जात राहिले. आधी किटामध्ये जमिनीवरून उठताना मला कपाटाला धरावं लागायचं. एक दिवस मुलांबरोबर गोलात बसले होते आणि उठले, नुसतीच उठले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी मात्र कोट अडकवायच्या खोलीत जाऊन एकटीच हसले. चार वर्षांची लेना मांडीवर बसली की माझ्या पोटात डोकं खुपसायची. ती एकदा तक्रारीच्या सुरात म्हणाली, "तू आधीसारखी मऊ नाहीस."

घरात दोन चुली झाल्या होत्या. त्याच्या भाज्या उकळून पाणी ओतून द्यायच्या, डाळ नाही, टोमॅटो नाही. मला डाळ, मटकीची उसळ, पनीर, अंडी. मी नोकरी करून, त्याला सेंटरवर सोडून, व्यायाम करून दोन-दोन स्वयंपाक करायचे आणि कधीकधी सगळ्यांवर खेकसायचे. सई जर्मनमध्ये पुटपुटत खोलीत निघून जायची. मिलिंद मुकाट्याने भांडी घासायचा. एवढं प्रेमाने चाललंय म्हणताना आमच्या घरात त्या दिवसांत चिडचिडच जास्त होती, हेही लिहून ठेवते.

दही मात्र मिलिंदचं खातं. विरजण तोच लावायचा. त्याला स्वतःला दोन चमचेच चालायचं, पण माझ्यासाठी रोज बिनसायीच्या दुधाचं मोठं भांडंभर करायचा. मी दोन-दोन वाट्या खायचे. "बिनसायीच्या दुधाचं दही इतकं दाट कसं रे होतं?" मी विचारलं.

"तापमान," तो म्हणाला. "आल्झो... म्हणजे, नीट मोजलं की होतं."

सात आठवडे

सत्त्याहत्तरवर काटा अडकला. एक आठवडा, दोन आठवडे, सात आठवडे. मी वाटीसुद्धा वजन करून वाढून घेत होते. हायकेने माझी वही चाळली आणि म्हणाली, "काटा खोटं बोलत नाही. वही कधीकधी बोलते." मी दुखावले. घरी येऊन मिलिंदला सांगितलं, तर तो मान खाली घालून म्हणाला, "नसेल होत तर राहू दे ना. जमेल तेवढं केलंस." मला वाटलं, किती समजूतदार माणूस.

गुरुवारी सकाळी पिवळ्या पिशव्या न्यायला गाडी येते. प्लॅस्टिकचा कचरा त्या पातळ, पारदर्शक पिशव्यांत भरून फाटकाशी ठेवायचा. त्या गुरुवारी आमची पिशवी खालून फाटली आणि क्रीमचे डबे घरंगळले. दुधावरच्या सायीचं, स्वयंपाकात घालतात ते घट्ट क्रीम. आठ डबे. स्वच्छ धुतलेले, एकात एक बसवलेले, झाकणं नियमाप्रमाणे वेगळी काढलेली.

आधी सईवर संशय आला. पण सई डबा धुऊन झाकण वेगळं काढेल, हे शक्य नव्हतं. असे डबे आमच्या घरात एकच माणूस टाकतो. दुसरा कुणी असता तर शेजारच्या गल्लीत टाकून आला असता. मिलिंदने गुन्हा केला, पण कचरा मात्र रीतसर स्वतःच्याच घरच्या पिशवीत टाकला.

त्यातला एक डबा मी पर्समध्ये टाकला. शुक्रवारी डायलिसिस होतं. साडेचार तास तो कुठे जाणार?

खुर्चीत तो डोळे मिटून पडला होता, हाताला दोन नळ्या. मी पर्समधून डबा काढला आणि त्याच्या पोटावर ठेवला. त्याने डोळे उघडले. डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"दह्यात किती घालत होतास?"

"रोज शंभर मिली," तो म्हणाला. मोजलेलं होतंच.

"का?"

तो यंत्राकडे बघत राहिला. त्याचं रक्त नळीतून जात होतं, येत होतं. "तू बहात्तरला आलीस की ते तुला कापणार, वैशाली."

"मग? त्यासाठीच चाललंय ना सगळं?"

"मी आजारी आहे, ते मला जमतंय. त्याची सवय होत चाललीय. पण माझ्यापायी तुला काही झालं, तर ते मला जमणार नाही. सईला आई-बापांतलं एक तरी धडधाकट नको का?"

"मग तसं बोलायचं. नको म्हणायचं."

"नको म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"नाही."

"मग," तो म्हणाला.

मला भयंकर राग आला होता. सात आठवडे मी स्वतःला नालायक ठरवलं होतं. आरशासमोर उभी राहून शिव्या दिल्या होत्या. ते सगळं मी त्याला सांगितलं, मराठीत, मोठ्याने, आणि शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या जर्मन काकांनी शहाण्यासारखे कानात इअरफोन घातले. मिलिंद रडला. नळ्यांमुळे त्याला हात हलवता येईना, म्हणून डोळे मीच पुसले. पुसतानाही भांडत होते.

"एक कर," शेवटी मी म्हणाले. "दोन महिन्यांनी मी सांगेन त्या शनिवारी मंडळात यायचं. मी काय करते ते बघायचं. त्यानंतरही नको वाटलं तर डॉक्टरांना जाऊन तू नको म्हण. तुझ्या हक्काचं आहे ते. पण माझ्या ताटात हात घालायचा नाही."

दही त्या दिवसापासून पातळ झालं. मला ते मुळीच आवडत नाही.

शनिवार

दोन महिन्यांनी तो आला. तळघराच्या भिंतीशी बाकावर बसला, कोट अंगातच. डायलिसिसने तो खंगून अठ्ठावन्न किलोचा झाला होता. कॉलर गळ्याभोवती सैल पडली होती. हायकेने त्याच्याशी हात मिळवला आणि दांड्याला चकत्या लावल्या. साठ किलो. मी त्याआधी एकदाच तेवढं उचललं होतं.

पाय रोवले. पाठ सरळ केली. दांडा नडग्यांना लागून वर आला, गुडघ्यांशी जरा अडला, आणि मग मी उभी होते. खाली ठेवला. पुन्हा उचलला. तिसऱ्यांदाही.

तो उठून चकत्यांवरचे आकडे वाचू लागला. दांड्याचे वीस धरून बेरीज केली असणार.

"साठ," तो म्हणाला. "म्हणजे तू मला उचलू शकतेस."

"तेच तर चाललंय एवढे दिवस," मी म्हणाले.

घरी जाताना गाडीत तो म्हणाला, "डॉक्टरांना फोन सोमवारी करू या." त्या आठवड्यात माझं वजन एकाहत्तर भरलं आणि साखर काठावरून खाली आली होती.

त्यानंतर

इथे जिवंत माणसाने अवयव द्यायचा तर एका समितीपुढे जावं लागतं. तीन अनोळखी माणसं विचारतात, की तुम्ही हे स्वखुशीने करताय ना. मला विचारलं, "नवऱ्याकडून काही दबाव?" मी म्हणाले, "होता. देऊ नये म्हणून रोज शंभर मिली क्रीमचा." सगळं सांगावं लागलं. त्यातल्या बाईंनी चष्मा काढून डोळे टिपले, हसून की कशाने कोण जाणे.

ऑपरेशनच्या सकाळी मला खूप भीती वाटली. हे मिलिंदला सांगितलं नव्हतं, आता वाचेलच. जाग आली तेव्हा पोटात आग होती आणि एक परिचारिका कानाशी वाकून म्हणत होती, "टेबलावरच कामाला लागली तुमची किडनी." दुसऱ्या दिवशी सलाइनचा खांब ढकलत मी त्याच्या दारापर्यंत चालत गेले. मांड्यांनी साथ दिली. सईने आत न येता दारातूनच, जन्मात पहिल्यांदा स्वतःहून, मराठीत विचारलं, "आई, दुखतंय का गं?" पुण्याहून सासूबाईंचा फोन आला, तेव्हा सोमवार होता. "आज जेवले बरं का मी," त्या म्हणाल्या.

मग बारा आठवडे जड उचलायला बंदी. एवढं उचलायला शिकून झाल्यावर माझ्यासाठी दुधाचं पातेलंही सई उचलायची. मिलिंद आयुष्यभर गोळ्या घेणार आहे, दर तपासणीला आम्ही दोघं आकड्यांची वाट बघत बसणार आहोत, आणि ही किडनी किती वर्षं चालेल ते कुणी लिहून देत नाही. माझ्या अंगावर अजून चरबी आहे. कुठेही गेलेली नाही, नुसती बसून असते.

तेरावा आठवडा लागला तेव्हा हायकेला विचारून शनिवारी मी दुकानातून क्रेट आणला. बारा बाटल्या, भरलेल्या. गाडीतून काढला, अंगाशी धरला आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत चढवला. मध्ये एकदाच थांबले. मिलिंद दार उघडून उभा होता. त्याने हात पुढे केले आणि मागे घेतले, कारण त्याला जड उचलायची अजून परवानगी नव्हती.

मी क्रेट जेवणाच्या टेबलाशी ठेवला. त्याने एक बाटली उघडली. सईने तीन पेले आणले आणि आम्ही तिघं समोरासमोर बसून पाणी प्यायलो. डॉक्टरांनी आता त्याला दिवसाला तीन लिटर प्यायला सांगितलंय. त्याने पहिला पेला एका दमात संपवला आणि माझ्याकडे पाहिलं, जणू विचारत होता. मग स्वतःच दुसरा भरला.

क्रेट बुधवारीच संपला. मी दुसरा आणायला गेले.